ज्वारीच्या खडखड्याला मुळाशीच कसं अडवावं

दाणा भरायच्या वेळी रब्बी ज्वारी आडवी पडली की आपण वाऱ्याला दोष देतो. पडलेलं एक ताट उपटा आणि जमिनीलगतचं कांडं उभं चिरा. आतला गर विरून नुसते धागे उरलेत आणि त्यांवर कोळशाच्या भुकटीसारखे काळे ठिपके दिसतात? मग हा खडखड्या, म्हणजे बुरशीमुळे होणारा रोग. जमिनीतली ओल तुटली आणि ऊन तापलं, की ही बुरशी मुळातून वर चढते. दाणा बारीक राहतो आणि कडबाही हलका पडतो. तेव्हा फवारणी करून काही हाती लागत नाही. जे करायचं ते पेरणीआधीच.

त्यासाठी ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी वापरा. ती मुळाच्या बाहेरच्या थरात वस्ती करते, रोगाच्या बुरशीला विळखा घालून तिची भिंत विरघळवते आणि पिकाची स्वतःची प्रतिकारशक्तीही जागी करते.

पाकीट घेताना तयार केल्याची तारीख आधी वाचा. ही जिवंत वस्तू आहे. मुदत संपलेली किंवा उन्हात पडलेली पुडी म्हणजे नुसती पांढरी पावडर.

पेरणीच्या पंधरा दिवस आधी 100 किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात 1 किलो ट्रायकोडर्मा मिसळा. ढीग सावलीत लावा, पाणी शिंपडून वर ओलं गोणपाट टाका. ओल किती हवी? खत मुठीत दाबलं तर गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी गळू नये. चार-पाच दिवसांनी वरखाली करा. पुढे खतावर पांढरी, मग हिरवी लव दिसू लागते. हे खत शेवटच्या कुळवाच्या पाळीआधी, ओल असताना पसरा. माझ्या मते सगळ्यात जास्त मेहनत इथेच घ्यावी, कारण कोरड्या, सेंद्रिय खत नसलेल्या रानात ही बुरशी तग धरत नाही.

बियाण्याला किलोमागे 5 ते 10 ग्रॅम पुरे. एकरी 4 किलो बियाणं धरलं तर 20 ते 40 ग्रॅम. गुळाचं पाणी पूर्ण थंड करून बियाण्यावर जरासं शिंपडा, पावडर हलक्या हाताने चोळा, सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा. बियाण्याला आधीच रासायनिक बुरशीनाशक लावलेलं असेल, तर ट्रायकोडर्मा फक्त खतातून द्या.

मात्र मित्रबुरशी पाण्याची जागा घेत नाही. तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात कोळपणी करून भेगा बुजवा. दाट पेरणी आणि नत्राचा जादा डोस टाळा. एकच पाणी देता येत असेल, तर ते पीक पोटरीत असताना, म्हणजे कणीस बाहेर पडण्याआधी द्या.

काढणीनंतर रोगट ताटांची धसकटं मुळासकट वेचून रानाबाहेर जाळा. ताटातले ते काळे ठिपके म्हणजे रोगाची बुरशीच, आणि ती मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहते.