विंडोज १० वरून ११ वर जाताना: बटण दाबण्याआधीची तयारी

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती मशीनसाठी जादा सुरक्षा अपडेट्सची योजना आहे, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची, आणि तिच्यासाठीही २२एच२ ही आवृत्ती व मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. म्हणजे आज ना उद्या ११ कडे जायचंच आहे. अपग्रेड एकदा सुरू झालं की आपल्या हातात फारसं काही राहत नाही. म्हणून खरं काम आदल्या आठवड्यातलं, आणि त्या कामाचा क्रम चुकवायचा नाही. बहुतेकांचं घोडं अडतं ते घाईने बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) शिरल्यामुळे.

सगळ्यात आधी मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ चालवा आणि नकार आला तर नेमका कशामुळे आला ते वाचा. टीपीएम (किल्ल्या जपणारी सुरक्षा चिप) किंवा सिक्युअर बूट (खात्रीचीच प्रणाली सुरू होऊ देणारी सोय) म्हणून अडत असेल तर बहुतेकदा सेटिंग बदलून भागतं. प्रोसेसर म्हणून अडत असेल तर सेटिंगने काही होणार नाही. इंटेलमध्ये साधारण आठवी पिढी आणि पुढचे चालतात: आय५-८४०० मधला डॅशनंतरचा ८ म्हणजे आठवी पिढी, आय५-१०४०० मधले १० म्हणजे दहावी. रायझनमध्ये आकड्यावर जाऊ नका, कारण २४००जी नावाने २००० मालिकेतला असला तरी आतून पहिल्या पिढीचा आहे आणि यादीत नाही. रजिस्ट्री बदलून किंवा रुफस या प्रोग्रामने बनवलेल्या पेनड्राइव्हवरून ही अट चुकवता येते, पण अशा मशीनला पुढची अपडेट्स मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्या कॉम्प्युटरवर बँकेचे व्यवहार होतात त्यावर हा जुगाड करू नये.

सेटिंग्जमध्ये ‘अबाउट’खाली सिस्टिम टाइप बघा. ३२-बिट लिहिलं असेल तर अपग्रेड होणारच नाही, कारण ११ फक्त ६४-बिटमध्ये येतं. सगळं पुसून नव्याने टाकावं लागेल. आणि ६४-बिटवर डॉसच्या काळातले १६-बिट प्रोग्राम चालत नाहीत. दुकानाचं जुनं फॉक्सप्रोतलं बिलिंग अजून वापरात असेल तर ते डॉसबॉक्स या डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये चालतं का, प्रिंट निघते का, हे आधी दुसऱ्या मशीनवर तपासून घ्या.

कागदावर ४ जीबी रॅम पुरते. कामाला ८ हवी. एसएसडीची अट कुठेच नाही, तरी फिरत्या हार्ड डिस्कवर ११ टाकू नका. पार्श्वभूमीत सतत चालणाऱ्या बारीकसारीक वाचन-लेखनाने डिस्क १०० टक्क्यांवर जाऊन बसते आणि दोष नव्या विंडोजला लागतो. २५६ जीबीची अडीच इंची साटा एसएसडी जुन्या लॅपटॉपच्या हार्ड डिस्कच्या जागी सहसा बसते. डेस्कटॉपला साटा डेटा केबल वेगळी घ्यावी लागते, एसएसडीच्या खोक्यात ती सहसा नसते. पॉवर सप्लायला साटाची मोकळी पिन आहे का तेही बघा. एसएसडी आधी बसवा, विंडोज १० तिच्यावर क्लोन करा (हुबेहूब उतरवा), चारआठ दिवस वापरा, मग अपग्रेड. दोन बदल एकाच दिवशी केले तर बिघाड कशाने झाला ते कळत नाही.

आता किल्ली. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी सोय) पुष्कळदा आपोआप सुरू होतं आणि घरात कुणाला त्याचा पत्ताही नसतो. मग बायोसमध्ये टीपीएमला हात लावला की निळ्या पडद्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. ती नसेल तर डेटा गेला. कुठलंही दुकान तो परत काढून देऊ शकत नाही. म्हणून मायक्रोसॉफ्ट खात्याच्या पानावरून ही की आधीच कागदावर उतरवा, शेजारचा की आयडी तुमच्याच मशीनचा आहे ना ते ताडा, आणि बायोसचं काम होईपर्यंत बिटलॉकर (विंडोजचं हेच एन्क्रिप्शन) ‘सस्पेंड’ करा, म्हणजे तात्पुरतं थांबवा. होम आवृत्तीत सस्पेंडचं बटण दिसत नसेल तर डिव्हाइस एन्क्रिप्शनच बंद करा आणि डिस्कचं कुलूप पूर्ण उघडेपर्यंत थांबा. एएमडीच्या बोर्डावर बायोस अपडेटनंतर एफटीपीएम (प्रोसेसरमधलाच टीपीएम) रीसेट करायचा का, वाय की एन, असा प्रश्न येतो. एन्क्रिप्शन चालू असताना वाय दाबलं की टीपीएममधली किल्ली पुसली गेलीच.

बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्यायचा. डी ड्राइव्हवर ठेवलेली प्रत हा बॅकअप नव्हे, ती बहुतेकदा त्याच डिस्कचा भाग असते. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स वनड्राइव्हमध्ये गेलेत का बघा; ढगाचं चिन्ह असलेली फाइल मशीनवर उतरलेलीच नसते, नुसती कॉपी करून भागत नाही. आउटलुकची पीएसटी (मेल साठवणारी फाइल), ब्राउझरचे पासवर्ड आणि टॅलीचं डेटा फोल्डर हमखास राहतात. सगळं पुसून नव्याने टाकणार असाल तर टॅलीचं लायसन्स आधी सरेंडर करा. बॅकअपमधल्या चारपाच फाइली दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मराठीत काम करणाऱ्यांनी इथे जास्त वेळ द्यावा. शिवाजी, कृतीदेव, डीव्ही-टीटी सुरेख अशा युनिकोड नसलेल्या फॉन्टमधली पत्रं, पत्रिका, संस्थेची इतिवृत्तं असतील तर त्या फॉन्टच्या फाइली विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून काढून बॅकअपमध्ये ठेवा. फॉन्ट गेला की मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. मजकूर शाबूत असतो, पण वाचता येत नाही. नव्याने टाकलेल्या विंडोजवर मंगलसुद्धा आपसूक असेलच असं नाही. मंगल, कोकिळा, अपराजिता हे देवनागरीच्या पूरक फॉन्टमध्ये गेलेत. भाषांच्या यादीत मराठी जोडली की ते उतरतात, तेवढ्यापुरतं इंटरनेट हवं. फोनेटिक टायपिंगची सवय असेल तर विंडोजचाच ‘मराठी फोनेटिक’ कीबोर्ड आहे, २०१९ पासून. डाँगलवर (पोर्टला लावायच्या परवान्याच्या किल्लीवर) चालणाऱ्या जुन्या मराठी सॉफ्टवेअरचं मात्र खरं नडतं: ११ मध्ये कोअर आयसोलेशनखालचं ‘मेमरी इंटिग्रिटी’ चालू असेल तर जुना ड्रायव्हर लोडच होत नाही. ६४-बिटचा नवा ड्रायव्हर कंपनीकडून आधी मिळवा. जीएसटी किंवा ई-टेंडरच्या डिजिटल सहीच्या टोकनलाही हेच लागू. सही टोकनच्या आत असते, कॉम्प्युटरवर नाही, त्यामुळे फक्त ड्रायव्हर पुन्हा टाकायचा. टोकन ओळखलं जात नाही म्हणून ‘इनिशियलाइझ’ केलंत तर आतलं सर्टिफिकेट पुसलं जाईल.

हे सगळं झालं की मगच बायोस. स्टार्टमध्ये ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ उघडून ‘बायोस मोड’ची ओळ बघा. यूईएफआय (नव्या पद्धतीचा बायोस) असेल तर काम सोपं: इंटेलवर पीटीटी (टीपीएमचंच तिथलं नाव), एएमडीवर एफटीपीएम चालू करा, सिक्युअर बूट चालू करा, सेव्ह करून बाहेर या. लेगसी (जुनी पद्धत) असेल तर डिस्क एमबीआर या जुन्या विभागणीची आहे, ती जीपीटी या नव्या विभागणीची करावी लागेल. त्यासाठी विंडोजमध्येच एमबीआर२जीपीटी हे साधन आहे. ॲडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टमध्ये ते अलाऊफुलओएस या पर्यायासह आधी ‘व्हॅलिडेट’ (नुसती तपासणी) म्हणून चालवा. आपल्याकडच्या असेंबल्ड मशीनवर ते हमखास इथे नापास होतं, कारण दुकानदाराने सी, डी, ई, एफ असे चार ड्राइव्ह पाडलेले असतात. हे साधन जास्तीत जास्त तीन प्रायमरी पार्टिशन स्वीकारतं आणि एक्स्टेंडेड पार्टिशन अजिबात नाही. डिस्क मॅनेजमेंटमध्ये हिरव्या चौकटीत बसलेले ड्राइव्ह दिसले तर तेच एक्स्टेंडेड. त्यातला डेटा बाहेरच्या डिस्कवर हलवा, आतले ड्राइव्ह काढा, मग उरलेली हिरवी चौकटही काढा, आणि पुन्हा व्हॅलिडेट करा. ते पास झालं की तेच साधन ‘कन्व्हर्ट’ म्हणून चालवा. त्यानंतर बायोस यूईएफआयवर नेला नाही, सीएसएम (जुन्या पद्धतीने सुरू होऊ देणारी सोय) बंद केलं नाही, तर विंडोज उघडणार नाही. तो बिघाड नव्हे. सीएसएम बंद केल्यावर पडदा काळाच राहिला तर संशय जुन्या ग्राफिक्स कार्डावर घ्या आणि मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या पोर्टला लावून बघा.

डेस्कटॉप पाचसहा वर्षांचा असेल तर हात घातलाच आहे तर सीआर२०३२ बॅटरी बदला. ती संपली की वीज बंद केल्यावर बायोसची सेटिंग्ज मूळपदावर जातात, लेगसी परत येतं आणि केलेलं सगळं वाया गेल्यासारखं वाटतं. बायोस अपडेट करायचा असेल तर यूपीएसवरच, आणि यूपीएसचा प्लग काढून तो खरंच दहा मिनिटं टिकतो का ते आधी पाहून. अपडेट मध्येच तुटलं तर बोर्ड निकामी होऊ शकतो.

प्रत्यक्ष दिवशी सी ड्राइव्हवर किमान ३० जीबी मोकळी ठेवा. ७००७० ने संपणारा एरर आला तर जागा कमी, सी१९००१०१ ने सुरू होणारा आला तर बहुतेकदा ड्रायव्हर. म्हणून कीबोर्ड-माउस सोडून सगळं काढा: प्रिंटर, डाँगल, कार्ड रीडर, बाहेरची डिस्क. बाहेरचा अँटिव्हायरस नुसता बंद नको, अनइन्स्टॉलच करा. विंडोज ११ ची आयएसओ फाइल (पूर्ण सेटअप असलेली) ५ जीबीहून मोठी आहे, ती आदल्या रात्री उतरवून ठेवा. सेटअपमध्ये ‘फाइली आणि ॲप्स ठेवा’ हा पर्याय पुसट दिसला तर तिथेच थांबा. बहुतेक वेळा तुमचं विंडोज इंग्लिश इंटरनॅशनलचं आणि आयएसओ युनायटेड स्टेट्सची, किंवा उलट, असं असतं. जुळणारी आयएसओ घेतली की पर्याय खुला होतो.

८ जीबीचा बूटेबल पेनड्राइव्ह तरीही बनवून ठेवा, स्टार्टअप रिपेअरला लागतो. नव्याने टाकणार असाल तर त्यातच वायफायचा ड्रायव्हर आणि, इंटेल अकराव्या पिढीपासूनच्या लॅपटॉपसाठी, आरएसटी-व्हीएमडी हा इंटेलचा डिस्कसाठीचा ड्रायव्हर उलगडून ठेवा. तो नसला की सेटअपला डिस्कच दिसत नाही आणि लोक चांगली एसएसडी बदलायला निघतात. होम आवृत्ती सुरुवातीलाच इंटरनेट मागते. वायफाय नसेल तर फोनचं यूएसबी टेदरिंग चालतं.

नंतरचे १० दिवस मागे फिरायची सोय असते. त्या मुदतीत डिव्हाइस मॅनेजरमधले पिवळे त्रिकोण, प्रिंट, स्कॅन, टोकनची सही, टॅली, मराठी टायपिंग, झोपवलेला लॅपटॉप नीट उठतो का, हे सगळं मुद्दाम करून बघा. मुदत पुरणार नसेल तर ती संपायच्या आत डिझम या कमांडच्या ‘सेट ओएस अनइन्स्टॉल विंडो’ या पर्यायाने ६० दिवसांपर्यंत वाढवता येते. तोवर डिस्क क्लीनअपमध्ये ‘आधीचं विंडोज इन्स्टॉलेशन’ या ओळीवर खूण करू नका, आणि बाहेरच्या डिस्कवरचा बॅकअप पुसू नका.