पाचट कुजत नाही? या चुका टाळा

ऊस तुटून गेला की निपाणी, संकेश्वर, चिक्कोडी भागात पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं, कुजवणाऱ्या जिवाणू-बुरशीच्या कल्चरबद्दल दरवर्षी तेच ऐकतो: "कल्चर टाकलं, काही उपयोग नाही. सरकारी औषध असंच." मग काडी लागते आणि हेक्टरी आठ-दहा टन पाचटाची राख होते. मला याचा मनापासून राग येतो. दिल्लीच्या पुसा संस्थेच्या डिकंपोजर कॅप्सूल, गाझियाबादच्या राष्ट्रीय सेंद्रिय शेती केंद्राचं वेस्ट डिकंपोजर, कृषी विद्यापीठांची कल्चरं, हे सगळं आपल्याच पैशातून झालेलं संशोधन आहे. ते नीट न वापरताच मोडीत काढायचं?

सगळ्यात मोठी चूक म्हणजे युरियाशिवाय नुसतं कल्चर टाकणं. पाचटात कर्ब भरपूर, नत्र जेमतेम अर्धा टक्का. कुजवणाऱ्या जिवाणू-बुरशीला वाढायला नत्र लागतंच. वरून मिळालं नाही तर ते जमिनीतलं घेतात आणि खोडवा, म्हणजे तुटलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटणारं पीक, उपाशी राहतो.

वेदगंगेकाठच्या एका ओळखीच्या शेतकऱ्यानं युरियाचे पैसे वाचवले. महिना-दीड महिन्यात खोडवा पिवळा पडला. "कल्चरनं ऊस जाळला," म्हणून त्यांनी गावभर सांगितलं. मी जाऊन पाचट उचलून बघितलं, तर खाली पांढरी बुरशी छान पसरलेली, पानं मऊ पडलेली. कल्चर चोख काम करत होतं, कमी होतं ते खत. पहारीनं भोकं घेऊन युरिया दिला तसा ऊस हिरवा झाला, पण फुटवे कमी राहिले ते राहिलेच. त्यांचं बघून शेजारच्या दोघांनी त्या साली पाचट पेटवलं, हे नुकसान कुठल्या हिशेबात धरायचं?

शिफारस साधी आहे. हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट आणि १० किलो कल्चर पाचटावर पसरायचं आणि लगेच पाणी द्यायचं. मी कल्चर शेणखतात मिसळून, ऊन उतरल्यावरच टाकतो. भर उन्हात कोरड्या पाचटावर टाकलेलं वाया गेलंच म्हणून समजा.

दुसरी चूक बुरशीनाशकाची. बुडखे जमिनीलगत छाटून त्यावर बुरशीनाशक मारतात, ते बरोबरच. पण नंतर तोच पंप न धुता त्यातून डिकंपोजर फवारलं तर कुजवणारी बुरशीही मरणार. माझ्याकडे या कामाला वेगळा पंप आहे.

पुसाच्या कॅप्सूल उकळत्या गुळाच्या पाण्यात फोडू नका, पाणी कोमट होऊ द्या.

आणि घाई. या कॅप्सूल मुळात उत्तरेकडच्या भाताच्या काडासाठी केलेल्या. तिथं २०-२५ दिवस सांगतात म्हणून उसाचं पाचट तेवढ्यात कुजेल असं धरून बसू नका. त्याला तीन-चार महिने लागतात. कुट्टी केली तर लवकर. पंधराव्या दिवशी फोन करणाऱ्या नव्या पोरांना मी एकच विचारतो, पाचट ओलं आहे का? बहुतेकांनी सरीत उतरून बघितलेलंच नसतं.

खानापूरकडच्या भातवाल्यांनी या भानगडीत पडू नये. तुमचं पिंजर जनावरांच्या पोटात गेलेलंच बरं.

कर्नाटक कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रातून कल्चरचं पाकीट घेताना मुदतीची तारीख बघा. कन्नड वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोराला वाचायला लावा, दुकानदाराच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका.