होळीच्या दिवसांत सातपुड्यात जाताय? मोहाखालची माती बघा

होळी आली की पाल, मनुदेवी, तोरणमाळकडे गाड्या निघतात, सगळे पळसाचे फोटो काढतात अन् दुपारी घामाघूम होऊन परत. माझं ऐका, पळस काय रस्त्यावरूनही दिसतो, तुम्ही उजाडता उजाडता मोहाचं झाड गाठा.

मोहाचं फूल रात्री उमलतं अन् पहाटे गळतं, त्यामुळे अस्वल, रानडुक्कर सगळे रात्रीच जेवून जातात. म्हणून झाडाजवळ जाताना बोलत बोलत जा, अस्वल अजून तिथंच असेल तर त्याला आधी कळलं पाहिजे. फुलं वेचायला पावरा, भिल्ल बाया आलेल्या असतात, त्यांच्या झाडाखालचं उचलू नका, रात्री कोण येऊन गेलं ते त्यांनाच विचारा. फुलं दिसावीत म्हणून कुठं कुठं खालचा पाचोळा जाळतात, त्या राखेत ठसा एकदम क्लिअर उमटतो (वणवेही त्यातूनच लागतात, ते वेगळं).

ठसा बघताना सूर्य समोर ठेवा, तिरप्या उन्हात कडा दिसतात, अन् फोटोत शेजारी काडेपेटी ठेवा म्हणजे साइज कळते. चार बोटं, नखं नाहीत, मागच्या गादीला तीन उंचवटे, तर मांजरकुळातलं, मोठा असेल तर बहुतेक बिबट्या. नखं दिसली तर कुत्रा किंवा तरस, तरसाचा पुढचा पंजा मागच्यापेक्षा मोठा असतो. पाच बोटं अन् लांब नखं म्हणजे अस्वल, वारूळ उकरलेलं दिसलं तरी तेच समजा. विष्ठा काडीनं फोडून बघा, हात लावू नका: केस निघाले तर मांस खाणारा, बोराच्या बिया निघाल्या तर अस्वल किंवा कोल्हा. हाडं खाऊन तरसाची वाळल्यावर पांढरी पडते. एकाच जागी लेंड्यांचा ढीग असेल तर रोही, म्हणजे नीलगाय.

आळंबी आत्ता शोधू नका, वारुळावरची पावसाळ्यातच येते. मेलेल्या खोडावर कडक, लाकडासारखी असते तेवढी बघून घ्या, खायची नाही.

अन् हो, रानपिंगळा, म्हणजे जंगलातलं छोटं घुबड! १८८४ नंतर हा पक्षी संपला असंच धरलं होतं, १९९७ मध्ये शहाद्याजवळ परत सापडला. हा दिवसाही फिरतो, त्यामुळे सकाळी विरळ सागवानात निष्पर्ण फांद्या बघत चला. फक्त मोबाइलवर त्याचा आवाज लावून बोलवू नका, या दिवसांत जोडी घरट्यात असू शकते. अभयारण्यात शिरायच्या आधी नाक्यावर परवानगी घ्या.