पाझर तलाव आणि त्याखालची विहीर : गावाचे पिण्याचे पाणी कसे राखावे

महाराष्ट्रातील अनेक गावांत पिण्याच्या पाण्याची विहीर पाझर तलावाच्या, म्हणजे पाणी जमिनीत मुरावे म्हणून बांधलेल्या तलावाच्या, बांधाखाली, तलावाच्या पाझरावर भरेल अशा बेताने खोदलेली असते. अशा गावात तलाव राखणे आणि विहीर राखणे ही एकच गोष्ट आहे, कारण तलावात जे उतरते त्यातील पुष्कळसे आज ना उद्या विहिरीत पोचते. जमिनीतून झिरपताना बरेचसे जंतू मातीत अडतात हे खरे. परंतु खतांतून आणि शेणामुतातून येणारे नायट्रेट पाण्यात विरघळलेले असल्याने ते सहसा मातीत अडत नाही, आणि खडकाला भेगा असतील तर जंतूंनाही मोकळी वाट मिळते. तरीही बहुतेक ठिकाणी सारा भर विहिरीत जंतू मारणारी ब्लीचिंग पावडर टाकण्यावर असतो. पावडर हवीच, मात्र ती शेवटची राखण आहे. काम सुरू करायचे ते तलावाच्या वरच्या अंगाला.

पहिला मोठा पाऊस होऊन ओढे वाहू लागले, की सरपंच, ग्रामसेवक, जलसुरक्षक (गावाच्या पाण्याची देखरेख करणारा कर्मचारी) आणि आशाताईंनी मिळून तलावाच्या पाणलोटात शिवारफेरी काढावी. कोरड्या दिवसांत जी जागा निरुपद्रवी दिसते, तिचे खरे रूप वाहत्या पाण्यातच कळते : उकिरड्यातून निघणारा काळपट ओघळ, गोठ्याचे पाणी, ओढ्याला मिळणारे गावठाणाचे गटार आणि सेप्टिक टँकमधून उघड्यावर सोडलेला पाइप. प्रत्येक ठिकाणाची गावनकाशावर खूण करावी आणि घरमालकाचे नाव सर्वांदेखत न वाचता त्याच्या घरी जाऊन बोलावे. ग्रामसभेत नाव घेतले की माणूस हट्टाला पेटतो आणि गटार तसेच राहते.

उकिरडे पावसाळ्यापूर्वी ओढ्यापासून हलवून त्यांच्याभोवती मातीचा बांध घालावा. सांडपाण्यासाठी घरोघरी शोषखड्डे काढावेत, मात्र शोषखड्डा किंवा शौचालयाचा खड्डा विहिरीपासून किमान १५ मीटर दूर असावा, आणि जमीन मुरमाड वा भेगाळ असेल तर त्याहूनही दूर. ओढा तलावात शिरतो त्या तोंडाशी गाळ बसण्यासाठी खड्डा घेऊन काठाने वाळा (खस गवत) लावल्यास गाळ व त्याला चिकटून येणारे स्फुरद (फॉस्फरस) बऱ्याच अंशी बाहेर राहते. स्फुरद आणि नत्र (नायट्रोजन) वाढले की शेवाळ आणि जलपर्णी माजते; कोल्हापूरच्या रंकाळ्यात सांडपाण्याचे नाले मिसळत राहिल्याने काय होते ते साऱ्यांनी पाहिले आहे. जलपर्णी फुलावर येण्याआधीच काढावी, कारण तिचे बी गाळात वर्षानुवर्षे टिकते, आणि काढलेला ढीग काठावर न सोडता दूर नेऊन कुजवावा.

गुरांसाठी बांधाखाली स्वतंत्र हौद आणि कपडे धुण्यासाठी काठापासून दूर दगडी घाट बांधून दिल्याशिवाय मनाईची पाटी लावण्यात अर्थ नाही. फवारणीचे पंप तलावात बुडवून भरणे आणि तेथेच विसळणे ही सर्वांत घातक सवय आहे, कारण कीटकनाशक क्लोरीनने नाहीसे होईल असा भरवसा धरता येत नाही. त्यासाठी काठापासून दूर पाण्याची टाकी ठेवावी, पंप विसळलेले पाणी फवारलेल्या पिकावरच संपवावे आणि रिकामे डबे भोके पाडून वेगळे साठवावेत. गणेशमूर्तींसाठी वेगळा हौद करावा.

विहिरीला उंच कठडा, भोवती उताराचा पक्का ओटा आणि ओट्याचे पाणी दूर नेणारी नाली असावी. पायऱ्या असतील तर त्या बुजवाव्यात. पायऱ्यांनी पाण्यात उतरून भरण्याच्या पद्धतीमुळेच एके काळी नारू हा कृमीचा रोग पसरत असे, आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारताला नारूमुक्त ठरवले त्यामागे अशा विहिरी बंद करण्याचाही वाटा होता.

आता पावडर, म्हणजे क्लोरीन असलेली ब्लीचिंग पावडर; तिलाच टीसीएल म्हणतात. विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजून त्याचा वर्ग करावा, त्याला पाण्याच्या उंचीने आणि ३.१४ ने गुणून चारने भागावे, आणि येणाऱ्या घनमीटरला हजाराने गुणले की लिटर मिळतात. ५ मीटर व्यास आणि ४ मीटर पाणी असेल तर सुमारे ७८,५०० लिटर होतात. हजार लिटरला ५ ग्रॅम या हिशेबाने साधारण ४०० ग्रॅम पावडर लागते. पावडर थेट विहिरीत फेकू नये. बादलीत एका वेळी सुमारे १०० ग्रॅम घेऊन थोड्या पाण्यात तिची लापशी करावी, पाऊण बादली पाणी घालून ढवळावे, दहा मिनिटे निवळू द्यावे, आणि वरची निवळी दुसऱ्या बादलीत ओतून ती बादली दोराने पाण्याखाली सोडून वरखाली हलवावी. तळाचा चुना विहिरीत जाऊ देऊ नये. पोते उघडे राहून गुठळ्या झाल्या असतील आणि उग्र वास उरला नसेल, तर ती पावडर पांढरी दिसली तरी कामाची नाही. क्लोरीनला किमान अर्धा ते एक तास मिळाल्यावरच पाणी सोडावे आणि शेवटच्या घरच्या नळावर ओटी (ऑर्थोटोलिडिन) चाचणी, म्हणजे पाण्यात उरलेला क्लोरीन दाखवणारी चाचणी, घ्यावी. तेथे लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन दिसला पाहिजे.

शेवटचे घर म्हणण्याचे कारण नळवाहिनी. पाणी बंद झाले की वाहिनीत पोकळी होते आणि गटारातून गेलेल्या गळक्या जोडातून घाण आत ओढली जाते; नळाला थेट मोटार लावणारे या ओढीत भरच घालतात. व्हॉल्व्हचे खड्डे कोरडे ठेवावेत आणि नळांना तोट्या बसवाव्यात.

पावसाळ्यापूर्वी व नंतर पाण्याची रासायनिक तपासणी प्रयोगशाळेतून करून घ्यावी. नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमहून अधिक आढळल्यास ते पाणी तान्ह्या बाळांना देऊ नये. उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते. तलावात कारखान्याचे सांडपाणी येत असेल तर १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याखाली महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाकडे लेखी तक्रार करावी. तिच्यासोबत ग्रामसभेचा ठराव, गावनकाशावरील खुणा आणि तारखेसह छायाचित्रे जोडावीत, आणि पोच घेतलेली प्रत ग्रामपंचायतीच्या दप्तरी ठेवावी.