रीडेव्हलपमेंटमध्ये मुलांना विचारताय? मग या चुका टाळा

सोसायटीची रीडेव्हलपमेंट निघाली की मीटिंगमध्ये कार्पेट एरिया, कॉर्पस (बिल्डर मेंबरांना देतो ती एकरकमी रक्कम) आणि भाडं यापलीकडे गाडी जातच नाही, आमचंही तेच झालं. मुलांना विचारलं ते प्लॅन फायनल झाल्यावर, आणि काय विचारलं, तर घसरगुंडी कुठल्या रंगाची हवी! विचारायचंच असेल तर पीएमसी, म्हणजे सोसायटीने नेमलेला प्रोजेक्ट कन्सल्टंट, फीजिबिलिटी (काय आणि किती बांधता येईल याचा अंदाज) करतोय तेव्हाच विचारा, कारण पार्किंग आणि रॅम्प एकदा ठरले की पोरांच्या वाट्याला उरलासुरला कोपराच येतो.

नुसतं ड्रॉइंग पुढे करून "काय वाटतं बाळा" हेही नको, तो कागद मोठ्यांनाच धड वाचता येत नाही. आमच्या प्लॅनमध्ये खेळायची जागा सातव्या मजल्यावर पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या मजल्यांवरच्या गच्चीवर होती, गाड्यांची भीती नाही म्हणून सगळे खूश, तर तिसरीतली एक पोरगी म्हणाली, "मग आजीने गॅलरीतून हाक मारली तर मला ऐकू येईल का?" आजीचं नवीन घर विसाव्या मजल्यावर. आर्किटेक्ट गप्प.

मग एका रविवारी कंपाउंडमध्ये त्या जागेचं खरं माप चुन्याने आखलं आणि पोरांना अंडरआर्म खेळायला सोडलं, दोन ओव्हरमध्ये बॉल तीनदा रेषेबाहेर, म्हणजे पोडियमवर असता तर थेट खाली रस्त्यावर. हे कुठल्याही प्रेझेंटेशनमध्ये दिसलं नसतं. गेटपर्यंत चालताना जरा खाली बसून पण बघा, तीन वर्षांच्या पोराची उंची साधारण ९५ सेंटीमीटर, त्याला उभ्या गाडीच्या पलीकडचं काही दिसत नाही.

सहकार कायद्याच्या ७९ए कलमाखालच्या सरकारी गाईडलाईनप्रमाणे रीडेव्हलपमेंटला ५१ टक्के संमती लागते ती मेंबरांची, भाडेकरूंना मत नाही, पण पंपरूमपाशी पाणी तुंबतं ते त्यांच्याच पोरांनी दाखवलं. तेव्हा त्यांनाही बोलवा. वयाचाही हिशोब धरा, नव्या घराच्या पझेशनला तीन-चार वर्षं सहज जातात, आजचा आठवीतला मुलगा तोवर कॉलेजात, त्याला झोपाळा नको, मित्रांबरोबर बसायला कट्टा हवा.

आणि हो, सगळं तोंडी ठेवू नका. डीसीपीआर २०३४ मध्ये, म्हणजे मुंबईच्या बांधकाम नियमावलीत, १००१ ते २५०० चौरस मीटरच्या प्लॉटला साधारण १५ टक्के मोकळी जागा धरलीय, पण रीडेव्हलपमेंटच्या काही स्कीमना त्यात सवलत मिळते, म्हणून आपल्याला किती आणि कुठे मिळणार ते पीएमसीकडून लेखी घ्या, आणि तो आरजी (रिक्रिएशन ग्राउंड, म्हणजे हीच मोकळी जागा) जमिनीवर दाखवलेला नकाशा अ‍ॅग्रीमेंटलाच जोडून घ्या, सहीच्या आधी.