चुकलेलं उत्तर वाया घालवू नका: शाळेत नव्यानं रुजू होणाऱ्यांसाठी, बडोद्याहून

जून जवळ आला की ओळखीतल्या, नुकत्याच बी.एड. झालेल्या मुलामुलींचे फोन सुरू होतात. पहिला प्रश्न ठरलेला: वर्ग गप्प कसा बसवायचा? दुसरा, पत्रकं कशी भरायची? मुलांना आलंय की नाही हे ओळखायचं कसं, असं विचारणारा क्वचितच भेटतो. मी गुजराती माध्यमाच्या शाळेत सहावी ते आठवीला गणित शिकवते. घरी मराठी, फळ्यावर गुजराती आणि स्टाफरूममध्ये दोन्हींची सरमिसळ, असं आम्हा बडोदेकरांचं चालतंच. माझा अनुभव असा की तो तिसरा प्रश्न हाताशी आला की पहिले दोन आपोआप सोपे होतात. कंटाळलेला वर्ग बोलतो, आणि ज्या वर्गाला दोन धड्यांमागचंच कळलेलं नाही तो कंटाळणारच.

कागदपत्रांचं आधी थोडक्यात उरकते. सक्तीचं शिक्षण बडोद्याला नवं नाही. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ पासून सगळ्या संस्थानात ते लागू केलं. देशभराचा शिक्षण हक्क कायदा आला २००९ मध्ये, आणि त्यानं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन, म्हणजे एका परीक्षेऐवजी वर्षभर चालणारी पारख, आपल्या गळ्यात घातलं. आठवीपर्यंत कुणाला नापास करायचं नाही, हेही त्यातच होतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाचवी आणि आठवीला परीक्षा घ्यायची, जमलं नाही तर जादा शिकवून दोन महिन्यांत फेरपरीक्षा द्यायची आणि तरीही जमलं नाही तर त्याच वर्गात ठेवायचं की नाही, हे ठरवायची मुभा सरकारांना मिळाली. शाळेतल्या आचार्यांकडून, म्हणजे मुख्याध्यापकांकडून, आपल्या राज्याचं ताजं परिपत्रक मागून घ्या आणि स्वतः वाचा. स्टाफरूममध्ये ऐकलेल्या नियमांतले निम्मे जुने असतात.

गुजरातच्या प्राथमिक शाळांत आपल्याला पत्रक अ भरावं लागतं. प्रत्येक अध्ययन निष्पत्तीपुढे, म्हणजे मुलाला जे जे यायला हवं त्यापुढे, मुलागणिक बरोबरची खूण, प्रश्नचिन्ह किंवा फुली. लोक याला कटकट म्हणतात, मला मात्र हा तक्ता मनापासून आवडतो. ६७ टक्के म्हटल्यानं उद्या कोणाला काय शिकवायचं ते कळत नाही, प्रश्नचिन्हानं कळतं. अट एवढीच की खुणा त्या त्या आठवड्यात करायच्या. सत्र संपताना एका बैठकीत, एकाच पेननं भरलेलं पत्रक लांबूनही ओळखू येतं.

आता खरं काम. सहावीला दशांश अपूर्णांक येतात. वर्गाला विचारा, ०.३५ आणि ०.४ यांत मोठं कोणतं? काही मुलं ०.३५ म्हणतील. पस्तीस चारापेक्षा मोठे, हा पूर्णांकांचा नियम त्यांनी टिंबाच्या पलीकडे नेलेला असतो. बाकीचे ०.४ म्हणतात, आपण खूश होतो आणि पान उलटतो. गडबड तिथेच राहते. कारण त्या बरोबर उत्तरवाल्यांत एक गट असा असतो, ज्याला वाटतं की टिंबानंतर आकडे जितके जास्त तितके तुकडे बारीक, म्हणून संख्या लहान. त्यांचं उत्तर बरोबर आलं, पण चुकीच्या वाटेनं. त्यांना शोधायचं तर लगेच दुसरी जोडी द्या: ०.६२ आणि ०.५. आता पहिल्या गटाचं उत्तर आपोआप बरोबर येईल आणि दुसरा गट सापडेल. तिसरी जोडी ०.५ आणि ०.५०. या तिन्ही जोड्यांतून जे मूल नीट पार पडतं, त्याच्यापुढे खूण करायला हरकत नाही.

दोन्ही गटांचं दुखणं वेगळं, त्यामुळे औषधही वेगळं. पहिल्याला मोजपट्टी द्या आणि चार दशांश म्हणजे चाळीस शतांश हे सेंटिमीटर-मिलिमीटरवर दाखवा. दुसऱ्याला तुकडे बारीक होतात हे कळलेलंच असतं, ते तुकडे किती आहेत हे तो मोजत नाही. त्याच्याकडून ०.६२ शंभर घरांच्या चौकटीत रंगवून घ्या आणि शेजारी ०.५ रंगवायला सांगा. क्रिकेटवेड्या मुलांची आणखी एक तऱ्हा असते. टीव्हीवर ४.५ षटकं म्हणजे चार षटकं आणि पाच चेंडू, आणि पुढच्या चेंडूला थेट पाच. त्यांच्या लेखी टिंब म्हणजे दोन वेगळ्या संख्यांमधली भिंत. साडेतीन रुपयांना ‘तीन रुपये पाच पैसे’ म्हणणारं मूल याच जातीचं. त्याला रागावून उपयोग नाही. धावफलकावरचं टिंब आणि वहीतलं टिंब ही दोन वेगळी प्रकरणं आहेत, हे एकदा उघड सांगावं लागतं.

हे सगळं कळायला परीक्षा लागत नाही. तास संपायला पाच मिनिटं असताना अर्ध्या कागदाची चिठ्ठी, वर हजेरी क्रमांक, खाली दोन प्रश्न. मधल्या सुट्टीत चहा पिता पिता तीन गठ्ठे करा: आलं, अर्धवट, नाही आलं. पत्रक अ ची हीच तर तीन चिन्हं. चिठ्ठीला गुण मात्र देऊ नका. गुण दिले की मुलं शेजाऱ्याचं बघून लिहितात आणि तुम्हाला शेजाऱ्याचं डोकं कळतं.

एकम कसोटीत, म्हणजे घटक चाचणीत, बहुपर्यायी प्रश्न घालायचे असतील तर चुकीचे पर्याय या गठ्ठ्यांतून उचला. १/२ + १/३ ला २/५ हा पर्याय हवाच, कारण वर आणि खाली सरळ बेरीज करणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात. मनाला येतील ते आकडे घातले तर चुकलेल्या मुलाबद्दल तो चुकला एवढंच कळेल.

तोंडी प्रश्नांचं एक. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेनं १९७० च्या दशकात वर्गांतली संभाषणं तपासली, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात असं दिसलं. तीन सेकंदांपर्यंत थांबल्यावर उत्तरं लांबली, आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. आपल्याकडे ते तीन सेकंद ‘बेन, हुं! बेन, हुं!’ (बाई, मी!) असं ओरडणारी पहिल्या बाकावरची पोरं गिळून टाकतात. म्हणून मी हात वर करणं बंद करून पाट्या आणल्या. सगळ्यांनी लिहायचं, मी म्हटलं की एकदम वर धरायचं. खडूची धूळ होते, पण आख्खा वर्ग एका नजरेत दिसतो.

पेपर तपासण्याबद्दल नव्या लोकांना फार आत्मविश्वास असतो, विशेषतः गणितवाल्यांना. अमेरिकेत १९१२ मध्ये स्टार्च आणि इलियट यांनी इंग्रजीच्या त्याच उत्तरपत्रिका शंभरावर शिक्षकांकडून तपासून घेतल्या. एकाच पेपरला कुणी चौसष्ट दिले, कुणी अठ्ठ्याण्णव. ही भाषेची भानगड असेल म्हणून पुढच्या वर्षी भूमितीचा पेपर घेतला, तर तफावत आणखी वाढली. पायऱ्यांना किती, आकृतीला किती, नीटनेटकेपणाला किती, हे ज्यानं त्यानं आपल्या मनानं ठरवलं होतं. म्हणून पेपर काढतानाच गुणदान योजना लिहा, तपासायला बसल्यावर नव्हे. एका मुलाची आख्खी वही न घेता सगळ्यांचा पहिला प्रश्न, मग सगळ्यांचा दुसरा, असं तपासा. पहिल्या पानावरच्या सुंदर अक्षराचा फायदा पाचव्या प्रश्नाला मिळत नाही. पहिल्या पायरीत आकडा चुकला आणि पुढची रीत बरोबर असेल तर गुण एकदाच कापा. दुसऱ्या प्रश्नापासून गठ्ठ्याचा क्रम उलटा करा, कारण रात्री अकरा वाजता आपण सगळेच कडक होतो.

शाब्दिक उदाहरणं चुकली तर घाईनं फुली मारू नका. आपल्या शाळांत मराठी, हिंदी, कधी मारवाडी बोलणाऱ्या घरांतली मुलं गुजरातीतून गणित वाचतात. तेच उदाहरण त्याला बोलून सांगा. सुटलं, तर अडचण वाचनाची होती आणि तुमचा पेपर गणिताऐवजी गुजराती तपासत होता.

सरासरीपासूनही सावध राहा. एका मुलीला वीसपैकी १८, १७ आणि १९ मिळाले, चौथ्या कसोटीला ती तापानं घरी. गैरहजेरीला शून्य धरलं तर सरासरी १३.५, न धरली तर १८. ताप हा काही गणितातला कच्चेपणा नाही. वही उशिरा देणं, गणवेश नसणं, बडबड करणं, यांची नोंद जरूर ठेवा, पण वेगळ्या रकान्यात. गणिताचे गुण कापून शिस्त लावणारे शिक्षक मला फार पाहायला मिळाले आणि ती पद्धत मला अजिबात पटत नाही.

शेऱ्यांचं पुष्कळांना ठाऊक नसतं. रूथ बटलर यांनी इस्रायलमधल्या शाळकरी मुलांवर केलेला अभ्यास १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. काही मुलांना फक्त गुण दिले, काहींना फक्त शेरा, काहींना दोन्ही. पुढच्या कामात सुधारणा दिसली ती फक्त शेरा मिळालेल्यांत. गुण आणि शेरा एकत्र मिळालेल्या मुलांना शेऱ्याचा उपयोग झालाच नाही. वर्गात बघा, वही हातात पडली की मूल गुण पाहतं, शेजाऱ्याचे पाहतं आणि वही बंद करतं. म्हणून कसोटीच्या वह्या परत देताना आधी नुसता शेरा द्या, गुण दोन दिवसांनी वाचून दाखवा. शेरा म्हणजे ‘छान’ किंवा ‘आणखी प्रयत्न कर’ नव्हे. ‘छेद सारखे न करता बेरीज केलीस. तिसरं आणि पाचवं पुन्हा सोडव’, असं काही लिहा, ज्याच्यावर मुलाला काहीतरी करता येईल. आणि ते करायला वर्गातच दहा मिनिटं द्या. घरी कुणी करत नाही.

एवढा वेळ आणायचा कुठून? रोजचा सगळा गृहपाठ तपासणं सोडून. लाल शाईनं रंगलेल्या वह्या तपासणीसाला आवडतात, मान्य. पण पन्नास वह्यांतल्या प्रत्येक गणितावर खूण करण्यापेक्षा रोज एक रांग नीट वाचा आणि उरलेल्यांना फळ्यावरच्या उत्तरांवरून स्वतःचं स्वतः तपासू द्या. आचार्यांना ही पद्धत वर्षाच्या सुरुवातीलाच सांगून ठेवा. मागाहून सांगितलं तर तो बहाणा वाटतो.

बडोद्यातला डांडिया बाजार असो की कारेलीबाग, पालक विचारणार ‘किती टक्के? पहिला कोण?’ वाद घालू नका. मुलाची जुलैची चिठ्ठी आणि आताची चिठ्ठी शेजारी ठेवा. आजी सोबत आली असेल तर तिला मराठीतून सांगा, घरी गणिताला कोण बसवतं ते तिच्याकडूनच कळतं.

नवरात्रात नवा घटक सुरू करू नका. रात्री गरबा खेळून आलेला सातवीचा वर्ग सकाळी डोळे उघडे ठेवून झोपतो. ते दिवस ‘चूक शोधा’साठी ठेवा: फळ्यावर मुद्दाम चुकवलेली गणितं, आणि नेमकं कुठं बिनसलं ते मुलांनी सांगायचं. मग सत्र परीक्षा, मग दिवाळीची सुट्टी. सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी दशांशाच्या त्या तीन जोड्या पुन्हा द्या, वह्या बंद ठेवून. रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ मध्ये दाखवलं की पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून लिहिलेलं जास्त दिवस टिकतं, म्हणजे ही चिठ्ठी स्वतःच एक उजळणी आहे. परीक्षेत बरोबर लिहिलेली काही मुलं इथे पुन्हा घसरतील. पत्रकात त्यांच्या खुणेशेजारी प्रश्नचिन्ह करा, आणि फुलीवाल्यांतलं कुणी पुढे सरकलं असेल तर फुली न खोडता बाजूला तारीख घालून खूण करा.