आजारपण, पूर, घरची अडचण आली तर कॉलेजात मुदत किंवा सवलत कशी मागायची

सांगली-साताऱ्याकडच्या कॉलेजात शिकणाऱ्या पोरापोरींसाठी हे लिहितेय. घरात कुणी ॲडमिट आहे, स्वतःलाच डेंग्यू झालाय, वडील गेले, नदीला पाणी आलं, बाळंतपण आहे, यातलं काही झालं की कॉलेज मागं पडतं आणि ते पडणारच, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण त्याच दिवसांत एक अर्ज कॉलेजात पोचला असता तर अख्खं वर्ष वाचलं असतं अशी मुलं मी दरवर्षी बघते. मी सांगलीत शिकवते, मेंटॉर म्हणून एक बॅच कायम माझ्याकडे असते, आणि बहुतेकजण येतात ते डिफॉल्टर लिस्ट (हजेरी कमी पडलेल्यांची यादी) लागल्यावर. "मॅडम, बाबा ॲडमिट होते." कधी? "सप्टेंबरात." आणि आम्ही बोलत असतो नोव्हेंबरात, फॉर्मची तारीख गेलेली, इंटर्नलचे मार्क वर पाठवून झालेले. तेव्हा शिक्षकाच्या मनात कितीही असलं तरी हातात काही उरत नाही.

म्हणून सगळ्यात आधी हे समजून घ्या की कोण काय देऊ शकतं, कारण निम्मी मुलं चुकीच्या टेबलावर जाऊन हेलपाटे घालतात. असाईनमेंट, सेमिनार, जर्नल सबमिशन याची तारीख विषय शिकवणारे सर किंवा मॅडम पुढं ढकलू शकतात, तिथं प्राचार्यांपर्यंत जायची गरजच नसते. इंटर्नल टेस्ट बुडली असेल तर ती परत घ्यायची की नाही हे एचओडी (विभागप्रमुख) आणि कॉलेजची परीक्षा समिती ठरवते. हजेरीचा प्रश्न प्राचार्यांचा. बहुतेक ठिकाणी ७५ टक्क्यांची अट असते, आणि आजारपणासारख्या कारणासाठी किती सूट द्यायची ते विद्यापीठाच्या आणि कोर्सच्या नियमात लिहिलेलं असतं, ते ऑफिसात विचारून घ्या, सीनियर सांगतात त्यावर विसंबू नका. परीक्षा फॉर्म उशिरा भरायचा असेल तर ते प्रकरण कॉलेजमार्फत विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडं जातं.

आता विद्यापीठही कुठलं ते बघा. आपल्या भागातली बरीचशी कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची आहेत, पण मेडिकल, नर्सिंगवाल्यांचं नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ, काही इंजिनिअरिंग कॉलेजं लोणेऱ्याच्या बाटूला (डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाला) जोडलेली, आणि सांगलीच्या वालचंद इंजिनिअरिंगसारखं ऑटोनॉमस (स्वायत्त) कॉलेज असेल तर परीक्षा कॉलेजच घेतं. साताऱ्यात यशवंतराव चव्हाण सायन्स, छत्रपती शिवाजी कॉलेज ही कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठात गेलीत, तिथला परीक्षा विभाग साताऱ्यातच आहे, कोल्हापूरला जायचं कारण नाही. ऑटोनॉमस असेल तर सगळे निर्णय जवळच होतात त्यामुळं जरा जास्त वाव मिळतो असा माझा अनुभव आहे.

एक गोष्ट स्पष्टच सांगते. विद्यापीठाचा मेन पेपर एकट्यादुकट्यासाठी सहसा परत होत नाही. त्या दिवशी तुम्ही आयसीयूबाहेर बसलेला असाल तरी तो पेपर पुढच्या सेशनलाच द्यावा लागतो. म्हणून पेपर देणं शक्यच नाही असं आधीच दिसत असेल तर आपल्या कोर्सचा एटीकेटीचा नियम काढा, किती विषय राहिले तरी पुढच्या वर्षात जाता येतं ते बघा, आणि जे पेपर देता येतील ते द्या. सगळंच सोडून घरी बसणं हा सगळ्यात महागात पडणारा मार्ग आहे. खरंच एक सेमिस्टर थांबावं लागणार असेल तरी ऑफिसला लेखी कळवून थांबा, परत येताना प्रवेश कसा मिळेल ते आत्ताच विचारून ठेवा.

अर्ज कधी द्यायचा? कागदपत्रं हातात यायची वाट बघू नका, एवढं ऐकाच. अडचण सुरू झाली की दोन-तीन दिवसांत मेंटॉरला किंवा क्लास टीचरला मेसेज टाका आणि पाठोपाठ अर्ज द्या, सर्टिफिकेट नंतर जोडतो असं त्यातच लिहा. व्हॉट्सॲपवर सांगितलेलं चालतं का असं मुलं विचारतात. कळवण्यासाठी चालतं, पण त्यावर ऑफिस काही करत नाही, कारण फाईलला कागदच लागतो. स्वतः येता येत नसेल तर भावाकडून, मित्राकडून सही केलेला अर्ज पाठवा, तेही जमत नसेल तर कॉलेजच्या अधिकृत ईमेलवर स्कॅन करून टाका, आलेला रिप्लाय जपून ठेवा.

अर्जात काय लिहायचं तर तीनच गोष्टी: काय झालं, कुठल्या तारखा बुडाल्या, आणि तुम्हाला नेमकं काय पाहिजे. ही तिसरी गोष्टच मुलं विसरतात. "तरी माझ्या परिस्थितीचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा" असं लिहून अर्ज संपवतात. विचार सगळेच करतात हो, पण त्या कागदावर प्राचार्यांनी 'मंजूर' म्हणून सही करायची तर काय मंजूर करायचं ते तरी त्यात असायला पाहिजे ना. दोन पानं दुःख लिहू नका, घरातल्या सगळ्या गोष्टी ऑफिसला सांगायची काही गरज नसते. असा अर्ज पुरतो बघा (पीआरएन म्हणजे विद्यापीठानं दिलेला कायमचा नोंदणी नंबर):

प्रति, मा. प्राचार्य (कॉलेजचे नाव)
मार्फत : मा. विभागप्रमुख, रसायनशास्त्र विभाग
विषय : वडिलांच्या आजारपणामुळे इंटर्नल परीक्षा नंतर देण्याबाबत व जर्नलसाठी मुदत मिळण्याबाबत.
महोदय, मी बी.एस्सी. भाग २ मध्ये शिकत असून माझा रोल नंबर व पीआरएन नंबर खाली दिला आहे. माझे वडील दि. ५ सप्टेंबरपासून मिरज येथे रुग्णालयात दाखल आहेत. त्यांच्याजवळ थांबण्यास घरी दुसरे कोणी नसल्याने मी दि. २० सप्टेंबरपर्यंत उपस्थित राहू शकत नाही. तरी दि. १२ रोजीची इंटर्नल परीक्षा मला दि. २२ नंतर देण्याची परवानगी मिळावी आणि जर्नल दि. ३० पर्यंत सादर करण्यास मुदत मिळावी, ही विनंती. रुग्णालयाचे पत्र सोबत जोडले आहे. डिस्चार्ज कार्ड मिळताच सादर करेन.
आपला विश्वासू,
नाव, वर्ग, रोल नंबर, पीआरएन नंबर, मोबाईल नंबर, सही

ही तारीख मागताना आपल्याला झेपेल अशीच मागा. घाईघाईत चार दिवसांची मुदत मागायची आणि परत ती चुकवायची, मग दुसऱ्यांदा सर विश्वास ठेवायला कचरतात. मिळालेली तारीखही पाळता येणार नाही असं दिसलं तर ती उलटायच्या आधी सांगा.

अर्जाच्या दोन प्रती काढा. आधी एचओडींची शिफारशीची सही घ्या, मग ऑफिसात आवक-जावकच्या खिडकीवर एक प्रत द्या. तिथले क्लार्क रजिस्टरात नोंद करतात, आणि तुमच्या दुसऱ्या प्रतीवर गोल शिक्का मारून पेनानं आवक नंबर आणि तारीख टाकून देतात. "ठेवून जा, सरांना दाखवतो" असं कुणी म्हणालं तर तिथंच थांबून नम्रपणे सांगा की पोहोच पाहिजे. नोंद करून देणं हे त्यांचं कामच आहे, बहुतेक लोक लगेच देतात. मग त्या प्रतीचा फोटो काढून मेंटॉरला पाठवा आणि आठवड्याभरात जाऊन काय झालं ते विचारा. अर्ज मंजूर झाला तरी ते विषयाच्या सरांपर्यंत आपोआप पोचतं असं समजू नका, मंजुरीची झेरॉक्स आपणच नेऊन द्यायची.

कागदपत्रांचं म्हणाल तर दवाखान्याच्या बिलांचा गठ्ठा जोडून उपयोग नसतो. ॲडमिट कधी, डिस्चार्ज कधी आणि पुढं किती दिवस विश्रांती, हे ज्याच्यावर आहे तो कागद लागतो, म्हणजे डिस्चार्ज कार्ड नाहीतर डॉक्टरांचं सही-शिक्क्याचं, रजिस्ट्रेशन नंबर असलेलं सर्टिफिकेट. मिरजेला जत, आटपाडीकडनं पेशंट येतात, एकदा घरी गेल्यावर त्या सर्टिफिकेटसाठी परत एवढ्या लांब यावं लागतं, त्यामुळं डिस्चार्जच्या दिवशीच मागून घ्या. नातेवाईक ॲडमिट असेल तर जवळ थांबणारा म्हणून तुमचं नाव असलेलं दोन ओळींचं पत्रही मागा, बरेच डॉक्टर देतात. घरात मृत्यू झाला असेल तर दाखला मिळायला वेळ लागतो, तोवर नुसता अर्ज द्या, दहाव्या-तेराव्याच्या आत कुठलंही शहाणं ऑफिस दाखला मागत नाही.

पुराचं आपल्याकडं वेगळं सांगायला नको. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, आणि २०१९ च्या ऑगस्टला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. त्या वेळी भिलवडीकडचा एक मुलगा पाणी ओसरल्यावर फिजिक्सचं जर्नल प्लॅस्टिकच्या पिशवीत घेऊन आला, पानं फुगून एकमेकांना चिकटलेली, शाई सगळी पसरलेली. त्याला वाटत होतं की सगळे प्रयोग परत करावे लागणार. तसं काही नसतं. कुणी कुठला प्रयोग कधी केला याची नोंद विभागाच्या रजिस्टरात असते. त्याला एचओडींनी त्या नोंदीवरून फक्त जर्नल नव्यानं लिहून आणायला सांगितलं आणि त्यासाठी मुदत दिली. तेव्हा जर्नल, असाईनमेंट वाहून गेली तर आधी ही नोंद काढून मागा. सोबत घराच्या पंचनाम्याची प्रत, ती मिळेपर्यंत तलाठ्यांचा दाखला किंवा फोनमधले तारखेसकट फोटो जोडा. आणि पावसाळ्यात नदीकाठच्या मुलांनी मार्कशीट, जातीचा दाखला, नॉन क्रिमीलेयर डिजिलॉकरला नाहीतर ईमेलला टाकून ठेवावं, आजच टाका.

काम करून शिकणाऱ्यांना मात्र हजेरीची सवलत मिळणं अवघड जातं. गाळप हंगामात आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जावं लागतं, एमआयडीसीत सेकंड शिफ्ट आहे, ही कारणं खरी असतात पण नियमात बसत नाहीत. अशांनी सेमिस्टरच्या सुरुवातीलाच मेंटॉरशी बोलावं, प्रॅक्टिकलची बॅच बदलून मिळते का विचारावं, बॅच बदलणं विभागाच्या हातात असतं आणि त्याला सहसा कुणी नाही म्हणत नाही.

मनाचं आजारपण हेही आजारपणच आहे. सायकियाट्रिस्टचं सर्टिफिकेट हे डॉक्टरचंच सर्टिफिकेट असतं, आणि खिडकीवरच्या सगळ्यांनी ते वाचावं असं वाटत नसेल तर अर्जात फक्त "वैद्यकीय कारणामुळे" लिहा आणि सर्टिफिकेट बंद पाकिटात प्राचार्यांच्या हातात द्या. झोप उडालीय, काही सुचत नाहीये, जगूच नये असं वाटतंय, तर अर्ज बिर्ज राहू दे, आधी टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनला १४४१६ वर फोन लावा, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. अर्जाचं मेंटॉर बघून घेतील, त्यांना फक्त कळू दे.

दिव्यांग विद्यार्थ्यांचं तर उपकार मागण्यासारखं काही नाहीच, तो हक्क आहे. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे आणि केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर पेपरला तासाला किमान २० मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास, दोन तासांच्या पेपरला ४० मिनिटं. ४० टक्क्यांच्या खाली असलं पण लिहायला त्रास होत असेल तरी रायटर (पेपर लिहून देणारा) मागता येतो, २०२१ ला सुप्रीम कोर्टानं तसा निकाल दिला आणि २०२२ ला त्याच्या वेगळ्या सूचना आल्या. यासाठी यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) किंवा सिव्हिल सर्जनकडचं सर्टिफिकेट लागतं, ते परीक्षा फॉर्म भरतानाच द्या, पेपरच्या आदल्या दिवशी रायटर शोधायची वेळ येऊ देऊ नका. अपघातात हात मोडलाय अशांनीही हाडाच्या डॉक्टरचं पत्र घेऊन त्याच दिवशी परीक्षा विभागात जावं.

लग्न झालेल्या मुली गरोदरपणात गपचूप कॉलेज सोडतात याचं मला फार वाईट वाटतं. यूजीसीनं (विद्यापीठ अनुदान आयोगानं) डिसेंबर २०२१ मध्ये विद्यापीठांना पत्र पाठवलंय की विद्यार्थिनींना बाळंतपणासाठी हजेरीत आणि परीक्षा फॉर्मच्या तारखांत सवलत देण्याचे नियम करा, पदवीच्या मुलींनाही. अर्जात त्या पत्राचा उल्लेख करा. पीएचडी करणाऱ्या महिलांना यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पूर्ण काळात मिळून २४० दिवसांपर्यंत बाळंतपणाची किंवा बालसंगोपनाची रजा मिळू शकते. पीएचडीची मुदत सहा वर्षं, री-रजिस्ट्रेशन करून आठ, आणि महिला व ४० टक्क्यांवर दिव्यांग असतील त्यांना दहापर्यंत जाता येतं.

आणि नाही म्हणाले तर? तोंडी नकार घेऊन घरी जाऊ नका, कारणासकट लेखी उत्तर मागा. यूजीसीच्या २०२३ च्या नियमांनुसार कॉलेजात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असायलाच पाहिजे, तक्रार दिल्यापासून कामाच्या १५ दिवसांत तिनं अहवाल द्यायचा असतो. तिथंही समाधान झालं नाही तर १५ दिवसांच्या आत विद्यापीठाच्या लोकपालाकडं अपील करता येतं. तक्रारीला पहिल्या अर्जाची शिक्क्याची प्रत, जोडलेली सर्टिफिकेटं आणि नकाराचा कागद लावा, आणि अपिलाची तारीख मोबाईलमध्ये रिमाईंडर लावून ठेवा, ती एकदा उलटली की परत वेळ मागत बसावं लागतं.